न सापडणारी लायब्ररी

मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर आठवडाभर बसून राहावे, याला निमित्तही तसेच सबळ हवे. माझे निमित्त एका पातळ पुस्तिकेचे होते. आगरी लग्नात धवलारणी जे धवले गातात, त्यांचा हा संग्रह पनवेलच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवून छापलेला. संग्राहक माझे ज्येष्ठ सहकारी. ते आता नाहीत, आणि माझ्याकडच्या प्रतीची पाने हाताळताना तुटू लागली होती. ज्या गावांतून हिंडून त्यांनी हे धवले उतरवून घेतले, त्यांपैकी चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही गावे नवी मुंबई विमानतळासाठी उठली. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानेही उडू लागली आहेत.

ही हकिगत २०१९ ची. पाने स्कॅन करायची आणि चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रणालीकडून मजकूर काढून घ्यायचा, असा बेत होता. टेसरॅक्टचा जन्म ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतला, १९८५ ते १९९४ या काळातला. २००५ मध्ये तिचा स्रोत सर्वांना खुला झाला आणि पुढे गूगलने ती वाढवली. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती एकेक अक्षर तोडून वाचण्याऐवजी अख्खी ओळ वाचू लागली. जोडाक्षरांच्या आणि शिरोरेषेच्या आपल्या लिपीला हा फरक मोठा. पण माझ्या जुन्या संगणकावर उबंटू १६.०४, आणि त्याच्या भांडारात टेसरॅक्टची तिसरीच आवृत्ती. तेव्हा स्रोत उतरवून घेऊन स्वतः कंपाइल करणे आले.

पहिल्याच पायरीवर अडलो. लेप्टोनिका नावाची लायब्ररी मिळत नाही, असे संगणक सांगू लागला. चित्रे उघडण्याचे आणि स्वच्छ करण्याचे काम टेसरॅक्ट स्वतः करत नाही, ते लेप्टोनिकाकडून करून घेते. गंमत अशी की लेप्टोनिका माझ्या संगणकावर होती! घरात असलेली वस्तू ‘नाही’ कशी, हे कळायला मला एक संपूर्ण संध्याकाळ लागली. तयार कार्यक्रम चालवायला लायब्ररीचा देह पुरतो. नवा कार्यक्रम बांधताना मात्र तिच्यात कोणकोणती कामे आहेत आणि ती कशी मागायची, याची अनुक्रमणिकाही लागते. हिला हेडर म्हणतात. ती वेगळ्या गठ्ठ्यात येते आणि त्या गठ्ठ्याच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ असे शेपूट असते. तो गठ्ठा आणला, तर नवी तक्रार : हवी १.७४ किंवा पुढची, आहे १.७३. मग लेप्टोनिकाही स्रोतापासून बांधली.

अखेर सारे बांधून झाले आणि कार्यक्रम सुरू केला, तर उत्तर आले की टेसरॅक्टची स्वतःचीच लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल अस्तित्वात नाही. फाइल तर मी डोळ्यांनी पाहत होतो. येथे दोष वेगळा होता. लायब्रऱ्या कोठे राहतात याची एक वही यंत्रणा ठेवते, आणि नव्या बिऱ्हाडाची नोंद त्या वहीत झाली नव्हती. एलडीकॉन्फिग ही एका शब्दाची आज्ञा दिली की वही नव्याने लिहिली जाते. तेवढ्याने भागले.

या दोन्ही चुका मला सज्जन वाटतात. त्या वेळीच ओरडतात, नाव घेऊन सांगतात. तिसरी तशी नव्हती. पहिले पान वाचायला दिले आणि ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ एवढे तीन शब्द उमटले. पीएनजी जातीचे चित्र वाचण्यासाठी लेप्टोनिकाला आणखी एक लायब्ररी लागते. मी लेप्टोनिका बांधत होतो तेव्हा तिचे हेडर संगणकावर नव्हते. लेप्टोनिकाने त्याबद्दल हटकले नाही. ती क्षमता वगळून ती मुकाट्याने बांधली गेली आणि मी तिला पूर्ण समजून पुढे गेलो. पीएनजीची आणि टिफची हेडरे आणून पुन्हा पहिल्यापासून बांधणी केली, तेव्हा कोठे मराठीची प्रशिक्षित फाइल जोडून धवल्यांचे पहिले पान पडद्यावर मजकूर म्हणून उतरले. चुका पुष्कळ होत्या. त्या हाताने सुधारल्या. प्रमाण मराठीला सरावलेल्या माझ्या हाताने ‘पानी’चे ‘पाणी’ आणि ‘डोला’चे ‘डोळा’ केले, तेही मग परत फिरवावे लागले. त्यासाठी यंत्राला दोष देता येत नव्हता.

तो छापील मजकूर घेऊन वडघरला एका वृद्ध धवलारणीकडे गेलो. विमानतळात गाव गेल्यावर त्यांचे घर तेथे आले आहे. त्यांना वाचता येत नाही. नातीने वाचून दाखवले. त्या ऐकत राहिल्या आणि तिसऱ्या धवल्याशी थांबवून म्हणाल्या, “ह्यो आमचाच हाय, पन आसा नाय.” मग त्यांनी तो गायला. छापलेल्या दोन ओळींच्या मध्ये आणखी एक ओळ होती, दर खेपेला नवरीच्या घरच्या माणसांची नावे घालून बदलणारी. माझ्या सहकाऱ्यांनी ती, बहुधा पुनरुक्ती समजून, गाळली होती, आणि गाळल्याची खूणही ठेवली नव्हती. ती पुस्तिका मी वर्षानुवर्षे वर्गात वापरली, तिच्यावरून लोकगीतांच्या रचनेबद्दल मुलांना ठाम विधानेही सांगितली.

संगणकावरच्या प्रतीत अशा जागी मी आता रिकामे चौकोन घातले आहेत. सतरा झाले. अकरा आजींनी भरून दिले. उरलेले कोपरच्या एका बाईंना ठाऊक असतील, असे त्या म्हणतात. गाव उठल्यावर त्या बाई कोठे राहायला गेल्या, त्याचा तपास चालू आहे.