प्रश्नचिन्हापुढची चिठ्ठी

बालमित्रांनो, इंटरनेटवरच्या पानाच्या पत्त्यात कधीकधी प्रश्नचिन्ह दिसतं, पाहिलंत? त्यापुढे ‘इयत्ता=४’ असं काहीतरी असतं. ती असते पाहणाऱ्याने प्रोग्रामच्या हाती दिलेली चिठ्ठी. आणि चिठ्ठीवर कुणीही काहीही लिहू शकतं!

आमच्या शाळेतल्या मुलांच्या कवितांचं पान मी पीएचपी या १९९५ सालच्या भाषेत केलं आहे. चौथीतल्या एका पठ्ठ्याने लगेच ‘४’ खोडून ‘भोपळा’ लिहिलं. खोडकर खरा, पण परीक्षा छान घेतली! पान म्हणालं, ‘अशी इयत्ता नाही.’ कारण चिठ्ठी आली का, तिच्यात १ ते ४ पैकीच आकडा आहे का, हे प्रोग्राम आधी बघतो. चिठ्ठीत नाव असेल, तर तेही जसंच्या तसं पानावर उमटवायचं नाही. त्यातले टोकदार कंस निरुपद्रवी करून घ्यायचे, नाहीतर ब्राउझर परक्याचं लिखाण आज्ञा समजून पाळेल. त्यासाठी पीएचपीत ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ आहे. उच्चारायला जड, कामाला चोख.

पण निकालाच्या पानावर कुणी ‘क्रमांक=१२’चा ‘१३’ केला तर? आकडा बरोबरच, पण शेजारच्या मुलीचे गुण उघडे पडले ना! तिथे मागणारा कोण, हेही विचारावं लागतं. त्या पानावर मी कविताच ठेवल्यात. गुण अजून वहीतच आहेत.