सुरतेतील हिमगौरी

मे महिन्यातील सुरतेचा उकाडा ज्यांनी सोसला आहे, त्यांस तेथील एका गुलाबाचे नाव ‘आइसबर्ग’, म्हणजे बर्फाचा पर्वत, असे सांगितले तर हसू येईल. परंतु लिंबायत-उधना भागात, मागांवर राबणाऱ्या आपल्या खानदेशी कुटुंबांच्या दारी, हा शुभ्र गुलाब जुन्या डब्यातही फुललेला आम्ही पाहिला आहे.

हा मूळचा जर्मनीचा. रायमर कोर्डेस यांनी १९५८ साली तो जगापुढे आणला. त्याच्या मायभूमीत त्यास परीकथेतील हिमगौरीचे नाव आहे, आणि आम्हांस तेच अधिक शोभते असे वाटते. १९८३ साली जागतिक गुलाब महासंघाने त्याची गणना जगातील मानाच्या गुलाबांत केली.

वाचकहो, एका दांड्यावर एकच डौलदार फूल, ही प्रदर्शनातील गुलाबांची तऱ्हा. हा फ्लोरिबंडा जातीचा. याच्या एकेका फांदीवर फुलांचा झुपकाच येतो. सुटे फूल पाहाल तर साधेच: व्यास सुमारे तीन इंच, पाकळ्या बेताच्या, सुवास मंद. थंडीत कळीवर किंचित गुलाबी झाक चढते. काटे मात्र फार थोडे, म्हणून लेकरांच्या घरी आम्ही यासच पसंती देतो.

दमट हवा याची वैरीण. पावसाळा सरता सरता एक गृहस्थ आपली कुंडी उकिरड्यावर रिकामी करण्यास निघाले होते. पानांवर काळे ठिपके पडून सारी पाने गळाली होती. “फादर, मेलं हे झाड,” ते म्हणाले. आम्ही फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवेगार होते! हा बुरशीचा रोग पाने फार वेळ ओली राहिल्याने पसरतो. गळालेली पाने वेचून जाळावीत, पाणी सकाळी बुडाशीच घालावे, आणि तापीकाठच्या चिकट काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, म्हणजे मुळाशी पाणी तुंबत नाही. ऑक्टोबरात त्यांनी हलकी छाटणी केली. नाताळापूर्वी तीन झुपके उमलले. पैकी एक बाईंनी शेजारणीस दिला.

कलमाच्या गाठीखालून येणारी जोमदार फूट मात्र मुळापासून काढावी. ती खुंटाची असते. तिला वाढू दिले तर वरचा पांढरा गुलाब उपाशी मरतो.