चोपड्याची भट्टी आणि न मिटणारे खाते

जळगावहून निघून विदगावच्या पुलावर तापी ओलांडली, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. उत्तरेकडे सातपुड्याची निळसर रांग सतत सोबत करते. धानोरा मागे पडते, पुढे अडावद लागते, उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे जाणारा फाटा जातो आणि मग चोपडा येते. गावाला रेल्वे नाही. सुरतेहून जळगावकडे येणारा लोहमार्ग तापीच्या दक्षिणेने अमळनेर, धरणगाव असा गेला आणि नदीच्या उत्तरेकडचे हे गाव सडकेवरच राहिले. ती सडक मात्र फार जुनी आहे. सुरत आणि बऱ्हाणपूर या दोन मोठ्या पेठांना जोडणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग येथूनच जात असे. १६१० साली त्या वाटेने गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तांतात थाळनेर, चोपडा, यावल, रावेर ही नावे ओळीने येतात.

चोपडा हे नाव उच्चारताच आपल्या वाचकांच्या मनात आणखी दोन गोष्टी येतील. एक म्हणजे ओसवालांतील चोपडा हे कूळ, आणि दुसरी म्हणजे दिवाळीला ज्याचे पूजन होते तो जमाखर्चाचा चोपडा. गावाच्या नावाचा या दोहोंशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. तथापि नोकरीची काही वर्षे या गावी काढलेल्या माझ्यासारख्या बँकेच्या माणसाला तेथील दिवाळी आठवते ती एका निराळ्याच खात्याच्या रूपाने. ते खाते कोणत्याही वहीत लिहिले जात नसे. ते पत्र्याच्या डब्यांत चाले.

दसरा झाला की खानदेशात कापसाची वेचणी भरात येते. बाजाराच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात आणि त्याच सुमारास गावातील बेकऱ्यांपुढे डब्यांची रांग लागते. घरचा मैदा, घरीच दळलेली पिठीसाखर, घरी कढवलेले तूप आणि थोडी वेलदोड्याची पूड एवढे साहित्य घेऊन स्त्रिया भट्टीवर येतात. सोबत एखादा मुलगा डबा उचलायला असतो. बेकरीवाला साहित्य ताडून पाहतो, किलोप्रमाणे मजुरी सांगतो आणि नंबर देतो. ज्यांना हौस आहे त्या स्वतःच पीठ मळतात. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत राहायची, इतकी की तूप पांढरे आणि हलके झाले पाहिजे. साधारणतः एक किलो मैद्याला अर्धा किलो तूप आणि तेवढीच साखर. खुसखुशीतपणासाठी मूठभर रवा, रंगाला आणि चवीला थोडे बेसन. पाण्याचा थेंबही नाही. गोळा घट्ट मळायचा नसतो, नुसता एकत्र आणायचा असतो. जास्त मळला तर नानकटाई भाकरीसारखी कडक होते.

पुढचे काम सजावटीचे, आणि त्यात घराघराची रीत निराळी. कोणी गोळ्यावर सुरीने फुली काढते, कोणी शिवणाच्या टोपणाने वर्तुळ उमटवते. कोणी मध्यभागी चारोळीचे चार दाणे बसवते, कोणी पिस्त्याचा काप, तर कोणी दुधात खललेल्या केशराचा एक ठिपका. ही नक्षी केवळ शोभेची नव्हे. भट्टीत एका वेळी अनेक घरांचे पत्रे जातात आणि बाहेर आल्यावर सगळ्यांचा रंग सारखाच दिसतो. तेव्हा फुलीवाल्या कोणाच्या आणि चारोळीच्या कोणाच्या, हे त्या खुणेवरूनच ओळखले जाते. व्यापारी पेठेत मालाच्या गाठींवर आडत्याची खूण असते, तीच ही पद्धत. पुढे डबा दुसऱ्याच्या घरी पोचला, की झाकण उघडताच ‘ही तर अमक्यांकडची’ असे ओळखू येई. चिठ्ठी लिहिण्याची गरज नसे.

भट्टीचेही एक गणित आहे. विटांची घुमटाकार भट्टी आधी लाकूड जाळून तापवतात, मग निखारे बाजूला ओढून आतली जमीन ओल्या फडक्याने पुसून घेतात. यानंतर आग नसते, विटांनी साठवलेली उष्णता असते आणि ती हळूहळू उतरत जाते. पहिल्या कडक उष्णतेत पाव भाजले जातात. नानकटाईला ती सोसत नाही, म्हणून तिची पाळी नंतर, उतरत्या उष्णतेत. लांब दांड्याच्या फळ्यावरून पत्रे आत सरकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत वरचा पृष्ठभाग तडकून फुललेला बाहेर येतो. ती तडक म्हणजे तूप नीट फेसले गेल्याची पावती.

या पदार्थाचे मूळही आपल्याला परके नाही. ‘नान’ हा रोटीसाठीचा फारसी शब्द. नानकटाईची जन्मकथा सुरतेत अशी सांगितली जाते, की डच व्यापाऱ्यांनी तेथे आपल्या लोकांसाठी बेकरी चालवली होती आणि ते गेले तेव्हा ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांच्या हाती आली. युरोपियनांची वस्ती ओसरली, पावाचा खप कमी झाला. उरलेला वाळका पाव लोकांना आवडू लागला आणि त्यातून पुढे तूपसाखरेची नानकटाई घडत गेली. पूर्वी पाव फुगवण्यासाठी ताडी वापरत. गिऱ्हाईक गुजराती होते, त्यांत श्रावक आणि वैष्णव मोठ्या संख्येने होते. ताडी गेली, अंडे आले नाही आणि पदार्थ सर्वांच्या ताटात आला. गिऱ्हाईकाचा आचार सांभाळल्याने मालाची बाजारपेठ कशी वाढते, याचे हे उदाहरण आपल्या व्यापारी घरांतील मुलांना सांगण्यासारखे आहे.

चोपड्यातही हाच आचार भट्टीवर पाळला जाई. भट्टीवाला कोणत्या धर्माचा, हे विचारल्याचे मला आठवत नाही. विचारत ते एवढेच, की या पत्र्यावर आधी अंड्याचे काही भाजले आहे का. मी पाहिलेल्या एका बेकरीत दिवाळीच्या पंधरवड्यासाठी काही पत्रे निराळे ठेवलेले असत. वयोवृद्ध भट्टीवाले चाचा ते दाखवून म्हणत, “भाभी, हे तुमच्या लोकांचे. याला दुसरे काही लागत नाही.” कोणतीही लेखी हमी नव्हती, तपासणी नव्हती. तरी कर्मठांतील कर्मठ घरांचे डबे तेथे जात आणि परत येत. बँकेत आम्ही ज्याला पत म्हणतो ती याहून वेगळी नाही.

भट्टी मोकळी मिळे ती बहुधा संध्याकाळनंतर. डबा घरी येईपर्यंत सूर्य मावळलेला असे. चौविहार करणाऱ्या घरात गरम नानकटाईचा सुगंध दरवळत राही आणि तोंडात मात्र कोणी काही घालत नसे. लहान मुले डब्याकडे पाहत झोपी जात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे झाली आणि नवकारसी आली, की डबा उघडे. पदार्थ समोर असताना थांबण्याचा हा धडा मुलांना कोणी वेगळा शिकवत नव्हते.

आणखी एका नियमाने या डब्यांची वाट ठरवली होती. आपल्या परंपरेत मिठाई आणि फराळाच्या पदार्थांना कालमर्यादा आहे. पावसाळ्यात, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपेपर्यंत १५ दिवस, त्यापुढे हिवाळ्यात ३० दिवस आणि उन्हाळ्यात २० दिवस. दिवाळी चातुर्मासातच येते. म्हणून आश्विनात भाजलेली नानकटाई पंधरा दिवसांत संपली पाहिजे. पाच किलो मैद्याची नानकटाई एक कुटुंब पंधरा दिवसांत खाऊ शकत नाही. मग ती वाटावीच लागते. जीवदयेसाठी घातलेल्या मर्यादेने घराघरांत दातृत्वाची सवय लावली, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्याला साठवता येत नाही, त्याचा संग्रहही होत नाही.

त्या वाटपाला क्रम होता. पहिला डबा लेकीच्या सासरी, दुसरा बहिणीकडे. मग शेजारच्या घरांत, मग दुकानातील मुनीमजी, हमाल आणि गाडीवान. मंदिराच्या पुजाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा डबा ठरलेला. सर्वांचे डबे सारखे भरत नसत, पण त्यांतील नानकटाई एकाच पत्र्यावरची असे, हे महत्त्वाचे. मालकाच्या घरी तुपाची आणि हमालाच्या घरी वनस्पतीची, असा भेद चांगल्या घरांत होत नसे. पुढे डबा परत येई तो कधीही रिकामा येत नसे. कोणाकडून शेव, कोणाकडून करंज्या, ज्याच्याकडे काहीच केले नसेल त्याच्याकडून निदान चमचाभर साखर. खानदेशातच काय, अवघ्या महाराष्ट्रात रिकामे भांडे परत करत नाहीत. त्यामुळे देणे-घेणे कधी पूर्ण फिटत नसे. आज तुमचा डबा माझ्याकडे, उद्या माझा तुमच्याकडे. हिशेबनिसाच्या दृष्टीने हे खाते सदोष होते, कारण त्याची बाकी कधी शून्य होत नव्हती. माणसांचे येणे-जाणे चालू राही ते त्या शिल्लक बाकीमुळेच.

शाखेत दिवाळीला भेटी येत. सेवानियमांत भेटवस्तूंवर बंधने असत आणि ती योग्यच होती, कारण किंमत छापलेल्या वस्तूबरोबर एखादी न छापलेली अपेक्षाही येऊ शकते. घरच्या नानकटाईचा डबा आला, की तो काउंटरमागच्या टेबलावर उघडला जाई. शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत आणि पासबुक भरून घ्यायला आलेल्या शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातावर एक-एक पडे. पंधरा मिनिटांत डबा रिकामा. त्यात कोणावर उपकार राहत नव्हता, कारण त्या वस्तूला दर नव्हता.

आज चोपड्याच्या पेठेतही चकचकीत खोक्यांचे ढीग लागतात. त्यावर किंमत छापलेली असते आणि घेणारा ती वाचतो. मग तेवढ्याच किमतीचे खोके उलट पाठवले, की व्यवहार पुरा होतो. सीलबंद खोके कित्येकदा न उघडताच तिसऱ्या घरी जाते. त्यातील पदार्थ सहा महिने टिकतो, म्हणून त्याला वाटण्याची घाई नसते. खाते मिटते, आणि खाते मिटले की ग्राहकही येईनासा होतो, हे कोणत्याही बँकवाल्याला ठाऊक असते.

अर्थात जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येणार नाही. पाच किलो मैद्याचे तूप फेसणारे हात स्त्रियांचे होते. दुकान, घर, पाहुणे आणि देवदर्शन सांभाळून रात्री भट्टीवर बसणे सोपे नव्हते. आज त्यांच्या लेकीसुना नोकऱ्या करतात, दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवतात. त्यांनी पुन्हा तेच ओझे उचलावे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. डब्याचे कौतुक पुरुषांनी करायचे आणि तूप बायकांनी फेसायचे, ही वाटणीही आता बदलली पाहिजे. आमच्या घरी गेली काही वर्षे तूप फेसण्याचे काम माझ्याकडे आहे. अर्ध्या तासात मनगट दुखू लागते, तेव्हा पूर्वीच्या डब्यांची खरी किंमत कळते.

जगात अनेक ठिकाणी हीच चाल आहे. गोव्यात नाताळाला ख्रिस्ती घरांतून ‘कोंसुआद’ची ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात, आणि चवथीला, दिवाळीला हिंदू घरांतून फराळ उलट येतो. जर्मनीत नाताळाच्या आधीचे चार आठवडे घराघरांत बिस्किटे भाजून, नक्षी करून, डब्यांत भरून आप्तांना देतात. त्यांच्या पदार्थांत अंडे असते, आपल्यात नसते. पण स्वतः घडवलेली, खूण केलेली आणि लवकर संपणारी वस्तू दुसऱ्याच्या दारी न्यायची, हा भाग सर्वत्र सारखा आहे.

ज्यांना हे टिकवावेसे वाटते त्यांनी फार मोठा संकल्प करू नये. दहा पदार्थ नकोत, एकच पुरे. घरच्या ओव्हनमध्ये १६० ते १७० अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटांत नानकटाई होते. तूप परवडत नसेल आणि वनस्पती घ्यावी लागली, तर पुडक्यावरील ट्रान्स फॅटचा आकडा वाचावा. जानेवारी २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवायची असेल तर थोडी चपटी आणि जास्त भाजलेली करावी, पूर्ण गार झाल्यावरच भरावी, म्हणजे वाफ धरत नाही आणि चुराही होत नाही. डब्यावर भाजल्याची तारीख लिहावी. त्यामुळे मर्यादा पाळणाऱ्याला ती पाळता येते आणि घेणाऱ्यालाही कळते, की ही लवकर खायची व वाटायची वस्तू आहे.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कोणी चोपड्यास गेले, तर दिवसा सातपुडा आणि उनपदेव पाहावे, आणि दिवेलागणीनंतर बाजारातल्या एखाद्या भट्टीसमोर थोडा वेळ उभे राहावे. रांग पूर्वीइतकी लांब नाही, पण अजून आहे. पत्रा बाहेर येतो, कोणीतरी वाकून फुली की चारोळी ते पाहते आणि “ह्या आमच्या” म्हणून डबा पुढे करते. त्या डब्यातील निम्म्याहून अधिक नानकटाई दुसऱ्यांच्या घरी जायची असते. घरोघर वहीपूजन होईल, नव्या वहीवर शुभ-लाभ लिहिले जाईल. हे देणे मात्र कोणीही लिहून ठेवणार नाही.