अचलपूरच्या दोन वंशावळी

अचलपूरच्या जुन्या वेशींतून आंत शिरतांना आम्हांस प्रथम स्मरण झालें तें इमादशाहीचें. ही तिची राजधानी. इ. स. १४९० मध्यें उदयास आलेलें हें राज्य १५७४ सालीं लयास गेलें. चौऱ्यांशी वर्षांत वंशावळ आटोपली! उलटपक्षीं, भोंवतालच्या काळ्या रानांत कापूस-ज्वारी पिकविणाऱ्या कुळांच्या कैक पिढ्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अद्याप वाढतच आहेत. मात्र राजा असो वा कुणबी, वंशवृक्षावर लेकींचीं नांवें सहसा नसतात. २००५ च्या कायद्यानें मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क दिला. शेतांत वांटा मिळाला, मग वंशावळींत तिच्या नांवास जागा कां नसावी? वाचकांनीं आपल्या घरची वंशावळ एकदां उघडून पाहावी, आणि राहिलेलीं नांवें लिहावींत.