क्रीमच्या आधी सॉसेज

पास्ता शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न क्रीमचा असतो. कुठलं घ्यायचं, किती घालायचं, फुटलं तर काय करायचं? कोळंबी-सॉसेजच्या झणझणीत पास्त्यात हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा, असं माझं ठाम मत आहे. या पास्त्याची चव ठरते ती सॉसेजला सुटणाऱ्या चरबीत.

हा पास्ता अमेरिकेतल्या लुइझियानाचा. १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हुसकावलेल्या फ्रेंच भाषकांपैकी बरेच जण पुढे तिथल्या दलदलीच्या मुलखात स्थिरावले. त्यांचे वंशज म्हणजे केजन. आखातातली कोळंबी, धुरी दिलेलं डुकराचं आंदूय सॉसेज आणि लाल मिरची त्यांच्या स्वयंपाकघरात कायमची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून न्यू ऑर्लिन्सला आलेल्या कुटुंबांनी पास्ता तिथे रुजवला. पॉल प्रुडोम यांनी १९७९मध्ये त्याच शहरात के-पॉल्स हे रेस्टॉरंट काढलं आणि केजन जेवणाचा लौकिक दूरवर पोचला.

चौघांसाठी २०० ग्रॅम सॉसेजच्या चकत्या कोरड्या, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. घाई नको. कडा खरपूस होतात, तळाशी तांबूस तवंग जमतो. चकत्या काढून त्याच तवंगात कांदा, ढोबळी मिरची, सेलरी परता, मग लसूण आणि तिखट. मिरचीचा जाळ आणि रंग दोन्ही चरबीत विरघळतात. तेच तिखट थेट क्रीमवर भुरभुरलं, तर ते कच्चं लागतं.

कोळंबी सोलताना डोकी-सालं टाकू नका. थोड्या तेलात परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. हे पाणी कढईत ओतून तळाचं चिकटलेलं खरवडून घ्या. खरा रस्सा इथे तयार होतो. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढून यातच शिजवा. त्याच्या पिठूळ पाण्याचा एक डाव घातला की रस्सा पास्त्याला धरून राहतो. कोळंबी अगदी शेवटी, चकत्यांसोबत. ती वाकून गुलाबी झाली की झालं. तिची घट्ट गुंडाळी झाली, तर समजा रबर झाली.

आता क्रीम. अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून ते उकळीलाही टिकतं. आपल्याकडच्या पाकिटातल्या क्रीममध्ये तो साधारण २५ टक्के असतो. ते गॅस बंद करूनच घाला.

आंदूय आपल्याकडे सहज मिळत नाही, पण गोव्याचं चोरिस मिळतं, आणि मला ते या पास्त्यात मनापासून आवडतं. मात्र त्यात व्हिनेगर भरपूर असतं. साल काढून, कुस्करून, आंबट वास उडेपर्यंत परता, नाहीतर क्रीम फुटलंच म्हणून समजा. तिखट-मीठ चोरिसमध्येच पुरेसं असतं, वरून चाखूनच घाला.

सुपरमार्केटमधल्या गुळगुळीत चिकन सॉसेजवर हा पास्ता करू नका. त्याला पुरेशी चरबीच सुटत नाही. घरात तेवढंच असेल, तर नुसत्या कोळंबीचा करा. डोक्यांच्या त्या पाण्यावर तो उत्तम होतो.