अजून दीड वीत

दोस्तांनो, तुमच्या घरी गोधडी आहे का? दुकानातून आणलेली रजई नव्हे हं, हातानं शिवलेली. आमच्या माणदेशात तिला वाकळ म्हणतात. दिवाळी झाल्यापासून मी एक वाकळ शिवते आहे, आणि ती अजून पुरी झालेली नाही. ती कुठवर आली ते बघायचं असेल, तर तुम्हाला माझ्याबरोबर एस.टी.त बसावं लागेल. कारण माझी वाकळ आहे आजोळी!

शनिवारी आमची शाळा सकाळची. ती सुटली की मी फलटणच्या स्टँडवर दहिवडीची गाडी पकडते. फलटणच्या आसपास नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, त्यामुळे खिडकीतून ऊसच ऊस दिसतो. मोगराळे घाट चढून गाडी वर आली, की चित्र बदलतं. माळ, बाभळी, मधूनच मेंढरांचा कळप. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. उरमोडी धरणाचं पाणी आता काही गावांत आलंय, पण सगळीकडे नाही. दहिवडीला गाडी बदलायची. मग गोंदवले मागे टाकून, म्हसवडच्या अलीकडे एका फाट्यावर मी उतरते. तिथून वाडीपर्यंत पायी.

पाऊस कमी म्हणजे थंडीही कमी, असं वाटतं ना? डिसेंबरात येऊन एक रात्र काढा! हवा कोरडी, वर आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे दात वाजायला लागतात. तेव्हा वाकळच लागते. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून बसते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. विज्ञानाच्या तासाला मी हे शिकवते, पण पटलं ते आजोळीच.

वाडीत माझ्या आईची मावशी राहते. मी तिला मावशीआजी म्हणते. वय पंचाहत्तरच्या पुढे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून शेजारची पोरं शाळेत जाताना दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. मजुरी म्हणून मूठभर शेंगा!

दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला एक फाटकी वाकळ दाखवली. माझ्या आजीची. मी म्हटलं, "आता ही टाकून द्यायची?" ती रागावलीच. "वाकळ टाकत्यात व्हय? तिला वरनं नवं कापड घालत्यात." मग तिनं फाटलेल्या जागी बोट घालून आतला थर उघडून दाखवला. विटलेलं लाल लुगडं. "ह्ये तुझ्या आजीचं. बाहत्तर सालातलं. ह्येच नेसून खडी फोडली आमी."

१९७२ चा दुष्काळ मोठा होता. पिकं गेली, विहिरी आटल्या. सरकारनं रस्त्यांची, तलावांची कामं काढली आणि हजारो बायामाणसं त्यांवर राबली. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तेव्हाचं लुगडं बोटांना लागलं, ते त्या दिवशी. त्याच्या खालीही आणखी एक थर होता. तो कुणाचा, ते मावशीआजीलाही आठवेना.

आता वरून घालायला कापड हवं. मऊ, सुती, वापरलेलं. नवं कोरं अंगाला टोचतं. एका बाजूला आजोबांची धोतरं मिळाली. दुसऱ्या बाजूसाठी माझ्याकडे एकच साडी होती, आईची हिरवी. आई जाऊन दोन वर्षं झाली. ती साडी मी पेटीत घडी करून ठेवली होती. मावशीआजीपुढे नेली खरी, पण साडीचा पन्हा वाकळेला पुरेना, म्हणजे कापून जोड द्यावा लागणार. तिनं कात्री पुढे केली. माझा हात उचलेना. तिनंही आग्रह केला नाही. "ऱ्हाऊ दे. दुसरं धडुतं बघू."

त्या रात्री मी तीच फाटकी वाकळ पांघरून झोपले. सकाळी उठून मी साडी कापली. पदर तेवढा बाजूला ठेवला.

वाकळ साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. आधी मोठ्या टाक्यांनी सगळे थर एकत्र पकडायचे. मग काठापासून आत आत, धावदोऱ्याच्या फेऱ्या मारत जायचं. दोन फेऱ्यांत पाऊण इंच अंतर. किती फेऱ्या होतील? माझ्या चौथीतल्या मुलांनी फळ्यावर गणित सोडवलं, ३६. पहिली फेरी २२ फुटांची, पुढे प्रत्येक फेरी लहान होत जाते. आमच्यापैकी एकानं विचारलं, "बाई, मग शेवटची फेरी म्हणजे मधली एक रेघच ना?" शाबास!

गणित सोपं, शिवणं अवघड. जुन्या थरांतून सुई पलीकडे निघतच नाही. अंगुस्तान घालूनही बोट दुखतं. माझी ओळ वाकडी गेली की मावशीआजी हातानं चाचपून ओळखते. "तुझा बैल बुजला व्हय गं? तास सरळ येऊ दी." जानेवारीत तर घोटाळाच झाला. खालच्या धोतराला चुणी पडलेली मला कळलीच नाही. तिनं वाकळ उलटी केली आणि नुसती हसली. तीन फेऱ्या उसवाव्या लागल्या. तो शनिवार, रविवार अख्खा उसवण्यात गेला. मी रडकुंडीला आले होते, खोटं कशाला सांगू?

पण संक्रांतीनंतर शेजारच्या बाया दुपारी अंगणात येऊन बसू लागल्या. प्रत्येकीनं एक बाजू धरायची. गप्पा चालू, हात चालू. एका बैठकीत दोन-तीन फेऱ्या! कुणाचे टाके बारीक, कुणाचे लांब. वाकळेवर बोट फिरवलं की कुठली ओळ कुणाची ते आता मला ओळखू येतं. माझी सगळ्यांत वाकडी.

गेल्या रविवारी २७ फेऱ्या झाल्या. मधे तीन फूट लांब आणि दीड वीत रुंद एवढी जागा उरली आहे. आता शाळू काढणीला आलाय, त्यामुळे बाया रानात. पुढच्या नऊ फेऱ्या मी आणि मावशीआजी, दोघीच.

शेवटच्या फेरीआधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवायचा असतो म्हणे. वाकळेचं पोट उपाशी राहू नये म्हणून. भाकरी मावशीआजी करणार आहे. तुकडा कुणी ठेवायचा, ते मी विचारलं, तर म्हणाली, "तूच ठेव. आन् दहा सुया ओवून जा आता, पोरांची परीक्षा हाय."

मी ओवून, उशीला टोचून ठेवल्या आणि पाचची गाडी गाठायला निघाले.