धोट्याचा पांढरा डोळा

सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातला शेवटचा धडा होता 'प्राचीन भारत आणि जग'. शेवटचा म्हणून तो मार्चमध्ये यायचा, आणि मार्चमध्ये सगळं लक्ष उजळणीवर. चीन, जपान, कोरिया, सगळा पूर्व आशिया एका तासात उरकायचा. मीही तो नोकरीभर तसाच उरकला. मुलांकडून चिनी प्रवासी ह्युएन त्संगचं नाव पाठ करून घेतलं आणि पुढे गेलो. निवृत्तीनंतर ही गोष्ट मनाला टोचत राहिली, म्हणून यंत्रमागांच्या भिवंडीतल्या शिक्षकांना या विषयात मदत करायचं ठरवलं.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिल्यांदा तासभर मिळाला. मी हौसेने तयारी केली होती. चीनच्या हान, तांग, सोंग, मिंग घराण्यांचा तक्ता, रेशीममार्गाचा रंगीत नकाशा. शिक्षकांनी मान देऊन ऐकलं, वह्यांत उतरवूनही घेतलं. शेवटी एका बाईंनी विचारलं, "सर, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मागावर आहेत. रात्रपाळीचा माणूस खोलीत झोपलेला असतो म्हणून ही मुलं शाळेआधी बाहेरच फिरतात. त्यांना हे तांग घराणं कशाला जोडून दाखवू?" त्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. खिडकीतून मागांचा खडखडाट येत होता. जुन्या वस्तीतल्या शाळांत तो दिवसभर येतो. तिथले शिक्षक त्याच्या वर आवाज काढून शिकवतात.

पुढच्या परिषदेला मी तक्ते नेले नाहीत. ओळखीच्या कारखान्यातून वापरून टाकलेला एक धोटा मागून आणला आणि टेबलावर ठेवला.

भिवंडीच्या माणसाला धोटा सांगावा लागत नाही, पण तो हातात घेऊन नीट पाहणारे थोडेच. हातभर लांबीचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मध्ये पोकळी, पोकळीत सुताची कांडी. हा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो आणि मागे बाण्याचा आडवा धागा सोडत जातो. तो धागा धोट्यातून बाहेर पडतो त्या भोकात एक छोटा पांढरा मणी बसवलेला असतो. लाकडाला धाग्याने चर पडेल, लोखंडाला गंज चढेल. हा मणी मात्र धागा कितीही घासला तरी गुळगुळीत राहतो. तो चिनीमातीचा असतो.

"चिनीमाती म्हणजे चीनची माती का?" एका तरुण गुरुजींनी विचारलं. तिथून तास सुरू झाला. चीनमध्ये जिंगदेजेन नावाचं शहर शेकडो वर्षं या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या जवळच्या गाओलिंग डोंगरावरून त्या पांढऱ्या मातीला केओलिन हे नाव पडलं. ती माती कशी मिसळायची आणि किती तापवायची हे युरोपला कितीतरी शतकं उमगलं नव्हतं. जर्मनीत माइसेनला तिचा कारखाना निघाला तो 1710 मध्ये. आम्ही धोटा हातोहात फिरवला. प्रत्येकाने त्या मण्यावरून बोट फिरवलं. तांग-मिंगांचा तक्ता मागच्या वेळी ज्यांनी निमूट उतरवून घेतला होता, तेच आता मिंग काळातली निळी-पांढरी भांडी कशी असायची हे विचारत होते.

त्यानंतर मी जपानकडे वळलो. साकिची तोयोदा 1867 मध्ये जपानच्या एका खेड्यात सुताराच्या घरी जन्मला. आसपासच्या घरांत बायका हातमागावर राबताना त्याने पाहिल्या होत्या. त्यांचे कष्ट कमी करायचे एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. 1890च्या सुमारास त्याने लाकडी हातमाग सुधारला, 1896 मध्ये यंत्रशक्तीवर चालणारा माग बनवला, आणि 1924 मध्ये मुलाच्या मदतीने स्वयंचलित माग पुरा केला. त्या मागाची करामत भिवंडीच्या मुलाला एका वाक्यात कळते: कांडी संपत आली की माग न थांबता धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्याचा एक तार जरी तुटला तरी माग जागच्या जागी थांबायचा. प्रत्येक तारावर एक पातळ पट्टी अडकवलेली. तार तुटला की पट्टी खाली पडते आणि माग बंद होतो. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या इंग्लंडने जगाला माग विकले, त्याच इंग्लंडने सुताराच्या मुलाकडून माग विकत घेतला. आणि या मागाच्या कारखान्यातूनच पुढे टोयोटा मोटार निघाली.

हे सांगताना माझाच आवाज चढला होता. खिडकीबाहेरचा खडखडाट त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा कान देऊन ऐकला.

महिन्याभराने त्याच बाईंनी मला वर्गात बोलावलं. सातवीचा वर्ग. एका मुलाने पुढे येऊन कांडी कशी बदलतात ते दाखवलं. डाव्या हाताने धोटा धरला, अंगठ्याने खटका दाबून कांडी वर उचलली, रिकामी काढली, भरलेली बसवली, धाग्याचं टोक मण्यातून ओढून घेतलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. बाईंनी विचारलं, "ताण्याचा तार तुटला तर अब्बांना कसं कळतं?" तो म्हणाला, "बघत राहावं लागतं. नाही बघितलं तर कापडात फट पडते, मग पैसे कापतात." मग बाईंनी तोयोदाची पट्टी सांगितली. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "पण बाई, माग स्वतःच थांबायला लागला तर माणसं कमी लागली असतील. त्यांचं काय झालं?"

असा प्रश्न यावा म्हणून शिक्षक आयुष्यभर शिकवतो. बाईंनी उत्तर टाळलं नाही. एक माणूस तीसेक माग सांभाळू लागला हे सांगितलं. जपानच्या गिरण्यांत बहुतेक खेड्यांतल्या कोवळ्या मुली होत्या, गिरणीच्याच वसतिगृहात राहायच्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायच्या, हेही सांगितलं. जपानची प्रगती तेवढी सांगायची आणि त्या मुली वगळायच्या, असा इतिहास मला कुठल्याच वर्गात नको आहे.

त्या गिरण्यांत आपला कापूस होता. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा कंपनीची बोट मुंबई ते कोबे सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. आपला कापूस जायचा, तिकडून सूत-कापड यायचं. चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताची जागा जपानी सुताने घेतली. 1933 मध्ये इथल्या ब्रिटिश सरकारने जपानी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानच्या गिरण्यांनी आपला कापूस घेणंच थांबवलं. एका उर्दू शाळेच्या मॅडमनी हा सगळा व्यवहार फळ्यावर दोन बाणांनी मांडला, एक जाणारा, एक येणारा. मला तो माझ्या रंगीत नकाशापेक्षा उजवा वाटला.

काही गोष्टी शब्दांतून सहज येतात. चहा हा शब्द मुळात चिनी. रिक्षा म्हणजे जपानी 'जिन-रिकि-शा'चे (माणूस, बळ, गाडी) उरलेले शेवटचे दोन तुकडे. धामणकर नाक्यावर रोज रिक्षात बसणाऱ्या मुलांना हे फार आवडतं.

एक वेळ मात्र अवघड आली. एका शाळेत ईशान्येकडून आलेल्या कुटुंबातल्या मुलाला वर्गमित्र 'चिनी' म्हणून चिडवत होते, डोळे ओढून दाखवत होते. तिथले गुरुजी फार दुखावले होते. शिक्षा करून भागणार नाही हे त्यांनाही कळत होतं. आम्ही दोघांनी ह्युएन त्संग घेतला. तो सातव्या शतकात महाराष्ट्रात आला, तेव्हा इथे चालुक्य राजा पुलकेशीचं राज्य होतं. त्याने इथल्या माणसांबद्दल लिहिलं आहे की ती मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. गुरुजींनी वर्गाला विचारलं, "परक्या माणसाने तुमच्याबद्दल असं लिहिलं, पटतं का?" मुलं भांडली, हसली, बरंचसं पटलं म्हणाली. मग गुरुजी म्हणाले, "त्याने आधी पाहिलं, मग लिहिलं. आता तुम्ही शेजारच्या बाकावरच्या मित्राबद्दल पाच वाक्यं लिहा, आधी त्याच्याशी बोलून." त्या मुलाबद्दल लिहिलेल्या कागदावर होतं की तो फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे आणि त्याची आजी मागावर शाली विणते. शेवटचं वाक्य वाचताना वर्गातली मागवाल्यांची मुलं वळून त्याच्याकडे बघायला लागली.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल तेलुगू शाळेत सांगणं सर्वांत सोपं गेलं, कारण तिथल्या बऱ्याच घरांचे नातेवाईक सोलापुरात, आणि कोटणीस सोलापूरचे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. तिथेच संसार केला, तिथेच 1942 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलांनी ते नाव वहीत सुंदर अक्षरात लिहिलं.

सातवीच्या बाईंच्या वर्गात वापरलेला तो धोटा अजून शाळेच्या कपाटात आहे. पालकसभेला त्या कांडी दाखवणाऱ्या मुलाचे वडील आले, रात्रपाळीचे लाल डोळे घेऊन. मुलाने कपाटातून धोटा काढून त्यांच्या हातात दिला आणि मण्यावर बोट ठेवून सांगायला लागला. त्यांनी धोटा उजेडाकडे वळवला, अंगठ्याने मणी पुसला आणि बराच वेळ बघत राहिले. "बीस साल से इसी में से धागा खींच रहा हूँ," ते म्हणाले. मग बाकावर बसले आणि मुलाला म्हणाले, "और बता."